टाचांवरून ओळखणारा वस्ताद

आमच्या वाडीला लेझीम शिकवणारा केरूवस्ताद माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो. रस्त्यात भेटला की आधी आपल्या वहाणांना रामराम घालणार, मग आपल्याला. भाच्यासाठी मुलगी बघायला गेला, तर मुलीच्या बापालाच अंगणात चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाला, "घर चांगलं हाय, पण ठेका नाय." लग्न झालं, पण त्या घरात त्याला अजून कोणी चहा विचारत नाही.

बोटं तर कधी गप्प नसतात. नारायणगावच्या जीपमध्ये बसला की पत्र्यावर हलगी वाजवतो. पत्रा वाजला म्हणजे कुणाला तरी उतरायचंय, असं समजून ड्रायव्हर गाडी उभी करतो. एकदा चार वेळा उभी केली. पाचव्यांदा यालाच उतरवलं.

आणि ज्याला लेझीम येत नाही तो त्याचा 'पावणं'. मग सख्खा चुलतभाऊ का असेना.

असल्या माणसाच्या हाताखाली मी अडुसष्टाव्या वर्षी लेझीम शिकायला गेलो. तोही माझ्याहून तीन वर्षांनी लहान. कारण सांगतो. आमच्याकडे यात्रेला देवाच्या पालखीपुढे घरटी एक माणूस लेझमीला उभा राहतो. माणूस दिला नाही तर त्या घराची जागा दुसऱ्याला जाते. आमची जागा आज्यापासून रांगेत तिसरी. मुलगा चाकणला कंपनीत, त्याला यंदा रजा मिळेना. मी जन्मभर लेझमीला उड्या म्हणत आलो, पण जागा सोडायची म्हटल्यावर डोकं फिरलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा. लेझमीत वाकायचं आणि पुढे सरायचं. मी वाकलो की मागे जातो. पन्नास वर्षं भाताची आवणी केली. खाचरात रोप लावताना माणूस वाकून मागे मागेच सरकतो, पुढे गेला तर स्वतःचीच रोपं तुडवील. माझी कंबर वाकली की पाय आपोआप मागे निघतात. माझ्या पाठीमागे आमचा पोस्टमन उभा होता, तो तीनदा टाचेखाली आला.

वस्तादाने हलगी थांबवली. "पावणं, लोकं पुढं चालल्यात. तुमी घराकडं निघाला."

सगळे हसले. मी म्हटलं, मी दुसरीत मास्तरचं ऐकलं नाही, तुझं काय ऐकणार. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

महिनाभर तेच. शेवटच्या चार दिवसांत तर तो मला अर्ध्यातूनच घरी पाठवू लागला. गुडघे जपा म्हणे. मी ओळखलं, जागा गेली. बायकोला म्हणालो, काढायचंच तर त्यानं माझ्या तोंडावर सांगावं. ती म्हणाली, तो तोंडाकडं बघतो कुठं?

यात्रेला मी कुणाला न विचारता तिसऱ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. बघू, कोण हलवतो. हलगी कडाडली. उभ्याने पुढे जाणं मला येत होतंच. मग वाकलो, आणि व्हायचं ते झालं, दोन पावलं मागे. आता पोस्टमन ओरडणार. पण कुणीच ओरडलं नाही. वर बघतो तर अख्खी रांग माझ्याबरोबर वाकून मागे आलेली. चार पावलं पुढे, वाकून दोन मागे. मला घरी पाठवून वस्तादाने हा डाव बसवला होता. कडेची एक म्हातारी म्हणाली, "अगं बया, ही तर आवणी."

संध्याकाळी त्याच्या ओट्यावर गेलो. आभार मानायला नाही. डाव कुठनं आणलास, एवढंच विचारायला. एकटाच हलगी पुसत बसला होता.

पुसता पुसता त्याची बोटं हलगीवरच थांबली. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाला, "हिराचा हाय." हिरा त्याची बायको. तिला जाऊन सात वर्षं झाली. "आवणीला मी बांधावर हलगी वाजवायचो. पंधरा बाया इरली पांघरून वाकल्याल्या, तोंडं कुठं दिसत्यात? टाचांवरनं वळखायचो. मागं मागं सरत ती बांधापाशी यायची. माझ्यापाशी."

हिरा गेल्यापासून आमच्या वाडीच्या एकाही बांधावर हलगी वाजली नाही, हे मला तेव्हा कळलं.

मी उठलो तसा तो म्हणाला, "मारुतीदादा, यंदा तुमच्या खाचराला हलगी लागंल का?"

महिन्याभरात पहिल्यांदाच पावणं म्हणाला नाही.

"लागंल की," मी म्हणालो, आणि त्याला नीट बघता यावं म्हणून वहाणा सावकाश घातल्या.