गांगुर्डेमास्तरांची हरकत

आपली घरपट्टी कमी लागली म्हणून दरवर्षी हरकत घेणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच होता, आणि तो नेमका माझ्याच टेबलाशी यायचा. गांगुर्डेमास्तर. देवळाली कॅम्पात जन्मभर जवानांचे गणवेश शिवले आणि द्वारका चौकामागे दोन खोल्यांचं घर बांधलं. बायको गेलेली, मुलगी भुसावळला सासरी. घरात एकटेच.

मी घरपट्टीचा कारकून. हरकत आली की पुन्हा मोजणी, असा नियम. त्यामुळे दर उन्हाळ्यात मी टेप घेऊन त्यांच्या दारात. खरं सांगायचं तर मोजणीत मी ढ. एका वर्षी मोरी मोजायचीच विसरलो, दुसऱ्या वर्षी घर हातभर लहान निघालं. मास्तर टेपचं दुसरं टोक धरून उभे.

"भाऊसाहेब, घर काय धुतल्यावर आटतं का? माप म्हणजे माप."

मग चहा. घरात खुर्ची एकच, ती मला. मास्तर उभ्यानं पीत पीत माझ्या बाहीकडे दुःखानं बघायचे. एकदा बाही अर्धा इंच लांब आहे म्हणून शर्टच उतरवायला लावला. ती उसवून पुन्हा शिवून होईपर्यंत मी सरकारी कामावर बनियनवर बसून होतो.

ऐंशी सालच्या आसपास नवा नियम आला. साठीपुढचा मालक स्वतःच्या घरात राहत असेल तर घरपट्टीत सूट, आणि एकदा सूट लागली की पुन्हा मोजणी नाही. मला उपकाराची हौस दांडगी. मास्तरांना न विचारता फॉर्म मीच भरला, वयाचा दाखला कॅम्पातून मीच मिळवला, आणि पेढ्यांच्या आशेनं मंजुरीचा कागद घरी नेऊन दिला.

मास्तरांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे आता मोजायला कोणी येणार नाही?"

"कोणी नाही. सुटलात तुम्ही."

पेढे राहिले बाजूला, त्या दिवशी चहासुद्धा मिळाला नाही. म्हातारा कृतघ्न आहे, असं मी ऑफिसभर सांगत सुटलो.

पुढच्या उन्हाळ्यात एक निनावी तक्रार आली. गांगुर्डे नावाच्या इसमाने विनापरवाना बांधकाम केले आहे, तरी मोजणीस माणूस पाठवावा. इतक्या वर्षांच्या हरकतींनी ते अक्षर मला पाठ होतं. शिवाय समास शिंप्याच्या खडूनं आखलेला.

गेलो. दाराशी विटांचा नवा ओटा होता, दोन माणसं शेजारी बसतील एवढाच. मास्तरांनी टेपचं टोक धरलं.

"किती भरलं?"

"चार फूट."

"पुन्हा बघा. तुमचं माप चुकतं."

इतकी वर्षं मी घर मोजत होतो आणि हा माणूस माझी वाट बघत होता, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलंच नव्हतं.

"चुकलं असेल," मी म्हणालो. "रविवारी येऊन पुन्हा मोजतो."

मास्तरांनी टोक सोडलं आणि चहा टाकायला आत गेले.