झाडांवरचे आकडे

लेओकादियाबाईंच्या बुचाच्या बागेला व्यवस्थापक हवा होता आणि उमेदवार नेमके दोन होते. भाचा अन्सेल्मु थोडे थोडे सगळे शिकला होता: संख्याशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, विमानतळांचे नियोजन. मुकादम बाल्ताझारला चाळीस वर्षांत, बाटल्यांची बुचे जिच्यापासून करतात त्या सालीपलीकडे काही शिकण्याची गरज भासली नव्हती. साल सोलण्याचा हंगाम सोमवारी सुरू होणार होता. निवड त्याआधी व्हायची होती.

शुक्रवारी अन्सेल्मुने एक सुधारणा केली. तीनशे बारा बुंध्यांवर पांढऱ्या रंगात एकेक आकडा होता, तोही विस्कळीत: इथे सहा, शेजारी दोन, पुढे पुन्हा सहा. ग्रंथालयात असा गोंधळ कोणी खपवून घेत नाही. त्याने रंगारी लावून जुने आकडे निळ्या रंगाने झाकले आणि वर एक ते तीनशे बारा असे क्रमांक घातले.

"धाकटे मालक," बाल्ताझार बुंध्याकडे बघत म्हणाला, "तो साल काढल्याच्या वर्षाचा शेवटचा आकडा होता हो! नऊ वर्षं झाल्याशिवाय पुन्हा साल सोलायला झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही. आता कुठलं तयार आहे, कसं कळायचं?"

"वहीत असेल ना?"

"वही कशाला? झाडावर लिहिलेलं होतं की!"

"मग आता?"

"मी आहे ना. थाप मारली की साल बोलते माझ्याशी."

शनिवारी त्याने सगळ्या झाडांना थापा मारून एकशेचार झाडे तयार ठरवली. रविवारी अन्सेल्मुने त्यांतल्याच वीस झाडांपाशी त्याला पुन्हा नेले. आठांबाबत मुकादमाचे मत बदलले.

"मुकादम, साल रोज वेगळं बोलते का?"

"काल उकाडा होता."

"आणि आज?"

"आज तुम्ही मागे उभे आहात."

मग अन्सेल्मुने संभाव्यतेचे कोष्टक मांडले. त्यानुसार प्रत्येक झाड एक-नवमांश तयार होते.

भांडण ओसरीवर पोहोचले, तेव्हा एक्याऐंशी वर्षांच्या लेओकादियाबाई शेळीचे चीज कापत होत्या. त्यांनी दोघांचे शेवटपर्यंत ऐकले, तीच सुरी घेऊन जवळच्या झाडापाशी गेल्या आणि निळा रंग अलगद खरवडला. खाली पांढरा सहा शाबूत होता.

"मी खरवडणारच होतो, बाईसाहेब," बाल्ताझार म्हणाला, "दुसऱ्या फेरीत."

"आत्या, माझ्या कोष्टकात ती पायरी पुढे होती."

"असेल हो. व्यवस्थापक ठरला." दोघेही ताठ उभे राहिले. "मीच राहते. उद्या सकाळी दोघंही सुऱ्या घेऊन या."

परतताना त्या दोघांचे प्रथमच एकमत झाले: एकाच झाडावरून निष्कर्ष काढणे अशास्त्रीय होते.