एकमेव कसीया

"माझ्या लेकीच्या नावाची दुसरी मुलगी अख्ख्या गावात सापडली, तर मिशी उतरवीन!" बारक्याने छापखान्यात जाहीर केलं. तिथे एकाच नावाचे तिघे होते: लंबू, चष्मेवाला आणि हा बारक्या. खरं नाव कोणी घेतच नसे. लेकीच्या नशिबी हे भोग नकोत, एवढंच त्या बिचाऱ्याचं म्हणणं!

बायबल पालथं घालून त्याने नाव काढलं, कसीया. ईयोबाची मधली मुलगी.

"म्हणजे काय?" बायकोने विचारलं.

"दालचिनीसारखी सुगंधी साल! आणि त्या बहिणींइतक्या देखण्या बायका साऱ्या देशात नव्हत्या, असं लिहिलंय!"

बायको खूश. आता गप्प बसावं की नाही? पण नावाला कोणी हसू नये म्हणून पठ्ठ्याने त्याचा उगम, अर्थ, उच्चार सगळं गुलाबी कार्डावर छापलं आणि बाप्तिस्म्याच्या महिनाभर आधी चर्चमध्ये दोनशे कार्डं वाटली.

पहिला फोन मेव्हणीचा. "भावोजी, काय गोड नाव शोधलंत! आम्हीपण तेच ठेवतोय."

"अगं, पण ते माझं..."

"बायबल काय तुम्ही लिहिलंत?"

मग नर्सबाई. मग ऑर्गनवाले मास्तर, नातीसाठी. बारक्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे धावला. "साहेब, थांबवा हो त्यांना! पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे!"

"अरे, लोक बायबल उघडायला लागलेत. त्यांना थांबवू?" साहेबांचे डोळे आनंदाने भरून आले होते.

बाप्तिस्म्याला चार बाळं रांगेत. कार्डं वाटायच्या नादात बारक्याने अर्ज शेवटी दिलेला, म्हणून त्याचा नंबर चौथा.

"कसीया." पाणी पडलं. "कसीया." पाणी पडलं. "कसीया." बारक्याला रडूच फुटायचं बाकी होतं.

"बाळाचं नाव?"

"केरेन-हप्पूक!" तो ओरडला. ईयोबाची धाकटी. थोरली यमीमा, पण त्या नावाच्या गावात आधीच दोघी होत्या.

साहेबांचा हात हवेतच थांबला. "नक्की?"

"नक्की!"

बाळाने भोकाड पसरलं. घरी आल्यावर, जेवणं उरकल्यावर बायकोने विचारलं, "अर्थ काय त्याचा?"

"काजळाची... डबी. शिंगाची."

"डबी."

"फार उंची काजळ असायचं गं ते!"

बायकोने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं. "चल गं कसीया, आपण आत झोपू. बाबांना बसू दे डबी घेऊन."