शांतवनमामांचं बिशप ऑफिस

गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता शांतवनमामांवर अन्याय झाला. वेळ पक्की आहे, कारण मामा किल्ली दहालाच फिरवतात. त्या दिवशी ती फिरली नाही. चर्चच्या आवाराच्या समितीने न सांगता कुलूप बदललं होतं.

दार जुन्या बिशप ऑफिसचं. इंग्लंडच्या चर्चचा बिशप सोलापूरच्या दौऱ्यावर आला की इथे बसायचा. मामा तिथले शिपाई. पुढे वेगवेगळ्या पंथांची चर्चं एकत्र झाली, इंग्लंडच्या चर्चचे बिशप यायचे थांबले. मामांना मात्र थांबा असं कुणी म्हणालं नाही, म्हणून ते इस्त्रीचा शर्ट घालून अजून येतात, टेबल पुसतात आणि चुकून कुणी डोकावलंच तर सांगतात, "साहेब दौऱ्यावर हायत. बसा."

ऑफिसचा सगळा इतिहास मामांना पाठ आहे, पण तो चहाच्या ट्रेमागून पाहिलेला. एक साहेब बिनसाखरेचे. त्यांच्यानंतरचे उंच साहेब. त्यांना बशीत ओतून प्यायला मामांनी शिकवलं. शेवटचे साहेब शेंगाचटणी मागून खायचे आणि डोळे पुसत आशीर्वाद द्यायचे. "काहीही काय, मामा!" म्हटलं की उत्तर ठरलेलं : "नोंद हाय की!"

कुलूप बदलल्यावर ही वास्तू वाचवायला मी पत्रक काढलं. 'परकीय सत्तेचं ऐतिहासिक केंद्र' असं त्यात ठणकावून लिहिलं होतं. मामांनी लाल पेन्सिलीने ते खोडलं.

"कसलं केंद्र, पोरी? दोन खुर्च्या हुत्या. तिसरा मानूस आला की साहेब खिडकीत बसायचे."

आता समितीला ती खोली मंडपवाल्याला द्यायची आहे. जुन्या वह्या रद्दीत जाणार. मी भडकले. "मामा, मोर्चा काढू!"

"मोर्चा नगं. एक वही तेवढी काढून दे."

कोणती, ते सांगेनात. खूप खोदून विचारल्यावर बोलले. दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना चर्चचे पक्के सभासद करून घेण्याच्या विधीची वही. त्या विधीत बिशप एकेकाच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि मग वहीत सही करायचे. एकदा वळसंगची मार्था आली, केसांना चपचपीत करडईचं तेल लावून. सही करताना साहेबांचा तेलकट अंगठा पानावर उमटला.

"लई भांडलो मी तिच्याशी. वही घान केलीस म्हनलं. ती म्हनाली, हात तुमच्या सायबाचा, मला काय बोलता?" मामा हसले. "दोन वर्सं भांडलो. मग लगीन केलं."

मार्थामामींना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा एकही फोटो नाही. कॅमेरा दिसला की त्या पदर तोंडावर घ्यायच्या.

"तेलाचा डाग जात न्हाय बग," मामा म्हणाले. "टेबल पुसून झालं की ते पान उघडतो. जरा बोलतो. मग कुलूप."

समितीची बैठक येत्या रविवारी, उपासना संपल्यावर, चर्चच्या मागच्या खोलीत आहे. तुम्ही चर्चमध्ये जाता, देवळात जाता की कुठेच जात नाही, याच्याशी मला घेणं नाही. सहानुभूती घरी ठेवा. तुम्ही स्वतः या, आणि ती वही मामांच्या हातात पडेपर्यंत खोलीतून हलू नका.