साडेअकरा तासांचा हुरडा

आमचे शेजारी दत्तोपंत दर रविवारी सकाळी सहाला ज्वारीच्या हिरव्या कणसांचं गाठोडं मांडीवर घेऊन पाटावर बसत आणि संध्याकाळी साडेपाचला उठत. सगळा वेळ मांडी हलवत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वैद्याला बोलवायलाच निघालो होतो.

"गाठोडं कोपऱ्यात ठेवा की," मी म्हणालो.

"कोपरा हालतो का? विमान हालतं."

नांदेडात तेव्हा निजामाचा अंमल. विमान मी पाहिलेलं नव्हतं, त्यांनीही नाही. पण जन्मभर पैमाइश खात्यात शेतं मोजलेला माणूस. भिंतीवरच्या नकाशावर दोरा ताणून त्यांनी हैदराबादचं बेगमपेठ ते कराची अंतर काढलं होतं: मुंबई, अहमदाबाद धरून हजार मैल. ताशी शंभर मैलांनी दहा तास, वाटेत थांबण्याचा दीड. मी दोनदा ताळा केला. हिशेब चोख होता.

दुपारी आमची मंडळी कुंपणावरून विचारी, "भावजी, अहमदाबाद आलं का? जेवायला वाढू?"

"वाढा वैनी. पाऊण तास थांबणार हाय."

साडेपाचला ते कणसं भाजून चोळत, चार दाणे तोंडात टाकत. "मऊ हाय अजून!" असं ओरडत, की गल्लीतली कुत्री उठत.

एका शनिवारी ते कोट घालून आले. "आज रातच्या गाडीनं बेगमपेठला निघून राहिलो. जावयाचा दोस्त उद्या विमानानं कराचीला परत चाललाय. त्याच्याजवळ कणसं द्यायची."

तेव्हा कुठे सगळं कळलं. मुलगी सुमन कराचीला, पाचवा महिना. पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता. महिन्यामागे इकडे निघालेल्या या दोस्तापाशी ती एवढंच बोलली होती की, नांदेडचा हुरडा मिळाला तर खाईन.

"तिची आई असती तर तिनं काहीबाही केलं असतं," ते म्हणाले. "मला मोजणीबिगर काय येतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दत्तोपंत, नांदेड ते हैदराबाद रेल्वेची रात्र कशात धरली?"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बांध मोजताना बोटभरही न चुकणारा माणूस, आणि स्वतःच्या घरापासून विमानापर्यंतची वाट मोजायची राहून गेली होती! ते तसेच निघून गेले. मला जेवण गेलं नाही.

रात्री राहवलं नाही म्हणून स्टेशनावर गेलो आणि जागीच खिळलो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बाकावर एक बादली, तिच्यात मातीच्या ढेकळासकट उपटलेली ज्वारीची पाच धाटं, शेंडे छपराला टेकून वाकलेले. दत्तोपंत खाली बसून बादलीला मिठी मारून होते.

"विमानाच्या दारातच कणसं खुडणार," ते मला म्हणाले. "तिथून साडेअकरा. आता बसतं का गणित?"

"बसतं," मी म्हणालो.

तेवढ्यात तिकीटबाबू आला. "ये क्या है? माल का किराया लगेगा."

"माल न्हाई जनाब, उभं पीक हाय. खिडकी तेवढी लावा, वारं लागतंय तिला."

बाबूने ज्वारीकडे पाहिलं, मग खाली बसलेल्या दत्तोपंतांकडे. "सीट पर बैठी है. आधा टिकट देना पडता."

दत्तोपंत खिसा चाचपू लागले. पण बादलीवरचा दुसरा हात त्यांना सोडवेना. त्या ज्वारीचं हैदराबादपर्यंतचं अर्धं तिकीट मी बाबूकडे निजामाच्या हाली सिक्क्यात भरलं.