लाचखाऊ मापाऱ्याचा मुखवटा

अथेन्समध्ये गेली वीस वर्षं मी नाटकांचे मुखवटे करतो. यंदा दायोनिससच्या उत्सवासाठी तेलेनिकस कवीच्या प्रहसनातल्या लाचखाऊ मापाऱ्याचं काम माझ्याकडे आलं. लांब नाक, दुहेरी हनुवटी, एक डोळा मिचकावलेला. चेहरा मी मनानेच घडवला होता.

नगराचा मुख्य अधिकारी असलेल्या अर्खोनच्या कचेरीने फर्मान काढलं. मुखवट्यात कोणाही नागरिकाचं साम्य असू नये. साम्य आढळल्यास संबंधिताने तीन दिवसांत लेखी तक्रार द्यावी. दुरुस्ती झाल्याशिवाय प्रहसन होणार नाही. मुखवटा चौकात टांगला गेला.

तेलेनिकसला तीन वर्षांनी संधी मिळाली होती, तरी तो निश्चिंत होता. "हा लाचखाऊ म्हणजे मीच, असं लिहून द्यायला कोण येतंय?"

खाई त्याला खवखवे. दुसऱ्या दिवशी तक्रारदारांची रांग चौकापासून मासळीबाजारापर्यंत गेली होती.

पहिला बंदरावरचा मापारी फाइनिप्पस. "बाबा रे, हे नाक माझं आहे. आखूड कर."

"साहेब, तुमचं आखूडच आहे."

"गलबत लागलं की लांब होतं."

कचेरीच्या कारकुनाने गंभीरपणे नोंदवलं : साम्य मान्य. मी नाक आखूड केलं, तर ते जकातवाल्याचं निघालं. हनुवटीवर देवळाच्या पुजाऱ्याने हक्क सांगितला. मिचकावलेल्या डोळ्यासाठी अकरा न्यायसभासद आले आणि आपसात भांडले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खुद्द अर्खोनसाहेब आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "कपाळ तेवढं घासून टाक."

उरला तो सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत गोळा, बघायला आणि बोलायला भोकं. त्यावर मंजुरीचा शिक्का बसला.

"मेलो मी," तेलेनिकस म्हणाला. "यात लोक ओळखणार कोणाला?" मलाही त्याच्याकडे बघवेना.

उत्सवात नट तो मुखवटा घालून नुसता उभा राहिला आणि डोंगरउतारावर बसलेले सगळे प्रेक्षक हसायला लागले. जो तो शेजाऱ्याला ढोसत होता. "अरे, हुबेहूब तू!" फाइनिप्पसने जकातवाल्याला ओळखलं, जकातवाल्याने पुजाऱ्याला. पहिल्या रांगेत अर्खोनसाहेब फाइनिप्पसकडे बोट दाखवून डोळे पुसत होते. तेलेनिकसला पहिलं बक्षीस मिळालं.

मुखवटा आता माझ्या दुकानात टांगलेला आहे. माणसं येतात, पोट धरून हसतात, एखाद्याचं नाव घेतात आणि जातात. तुमच्या मनात आत्ता ज्याचं नाव आलं, तो सकाळीच येऊन गेला. तुमचं नाव सांगत होता.