कोंडाजी वाघवाल्याची उलटी तसबीर

श्रीगजाननास वंदन, आणि ज्या राज्याचे नाव घेण्याची मुभा नाही त्या राज्यासही दुरून वंदन. शके सत्राशे एक्क्याण्णव, शुक्लनाम संवत्सरी, तेथील सरकारचे पदरी कोंडाजी पवळे वाघवाला होता, त्याची हकीकत ऐकिली तैसी लिहितो. कोंडाजीस ना बायको, ना पोर. भिंगरी नामे वाघीण बच्चा असता त्याने बकरीचे दुधावर वाढविली, आणि खेळता खेळता तिचे नख लागोन त्याचे डावे गाली व्रण जाहला, तो मोठ्या लाडाने मिरवी. दसऱ्यास भर दरबारी तिचे जबड्यात मस्तक देई, आणि लोकांचे श्वास अडकत, आणि वाघीण आपली जांभई दिल्यासारखी उभी राही. सरकारस्वारी खुष जाहली आणि हुकूम सुटला की याची तसबीर शिळाछापावर छापोन घरोघर द्यावी. राजा बोले, दळ हाले. चितारी नवखा, त्याने कागदावरचे चित्र जैसेचे तैसे दगडावर काढिले. दगडावरचे छापिता उलटे उतरते, हे त्यास ठाऊक नाही. व्रण उजवे गाली गेला. सरकारांनी पाहोन वाहवा केली, मग चुकले म्हणावयास जीभ कोणाची वळणार? तसबीर देव्हाऱ्याशेजारी लागली आणि बायका तीस हळदकुंकू वाहों लागल्या.

मग दुसरे एका दरबाराने वाघवाला मागितला, आणि सरकारांनी कोंडाजीस शालजोडीसारखा नजर केला. भिंगरी मागेच राहिली. तेथे त्याची वर्षे गेली, मिशा झडल्या, पाठ वाकली, आणि परमुलखी जिवाभावाचे बोलावयास कोणी नव्हते. एके दिवशी वार्ता आली की भिंगरी थकली, अन्न सोडिले. मग निरोपही न घेता तो पायीच निघाला. एक वेळ आपले हाते तिला घास द्यावा, इतकाच हेत.

भिंगरी ठेविली होती त्या शिकारखान्याचे दारी निंबाजी हवालदार पहाऱ्यास होता. कोंडाजी म्हणवून घेणारे तोतये फार जाहले होते, म्हणोन दारावर तसबीर डकवून हुकूम होता की चित्राशी मुखडा मिळेल त्यासच आत सोडणे. हवालदाराने म्हाताऱ्यास तसबिरीशेजारी उभे केले आणि दोहोंकडे निरखोन पाहिले.

"बाबा, तुझा व्रण डावीकडं. कोंडाजीचा उजवीकडं."

"चित्र उलटं छापलंय, हवालदार."

"म्हणजे सरकारचं चित्र खोटं, आणि तुझं तोंड खरं?"

 कोंडाजी भिंतीस टेकोन बसला आणि हलकेच म्हणाला, "भिंगरे, आलो गं." तो काय, कित्येक दिवस मुकी पडलेली वाघीण आत नाकाने फुरफुरली, आणि ऐसी ती एका कोंडाजीपाशीच फुरफुरत असे. हवालदार उमजला. धावत कारभाऱ्यांकडे गेला, तो कारभारी बोलिले की जनावराची साक्ष कोणते शास्त्री धरितात, आणि दार उघडशील तर चाकरीस मुकशील. हवालदार लेकुरवाळा माणूस. परत येऊन मान खाली घालोन उभा राहिला.

"पागोटं द्या, बाबा. हुकूम माणसाला हाये, पागोट्याला न्हाई."

पागोटे पिंजऱ्यात गेले, आणि वाघिणीने ते हुंगोन हनुवटीखाली ओढिले. कोंडाजी भिंतीस कान लावोन बसला. सांज होता होता फुरफुर थांबली, आणि तो तेथेच लेकरासारखा रडला.

दुसरे दिवशी सरकारांनी वाघिणीस मोठे इतमामाने माती दिली. पागोटे तिजबरोबर पुरले गेले. पालखीत कोंडाजीची तसबीर बसविली आणि मातीची पहिली मूठ त्या तसबिरीस लावोन टाकिली. मागे गर्दीत कोंडाजी बोडका उभा होता, त्यावर चोपदार खेकसला, "डोई झाक म्हाताऱ्या, वाघवाल्याची स्वारी येतीया." कोंडाजीने दोन्ही हात डोईवर धरिले आणि वाट दिली.

एवंच, त्या राज्यात कोंडाजीस ओळखीत नाही ऐसे घर नव्हते. तसबीर न पाहिलेली एकच होती, ती गेली. हकीकत इतकीच.